फी माफ झाली, मग हे पैसे कसले?

२०२४ च्या पावसाळ्यात एक पालक मला शोधत आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आले. त्यांची धाकटी मुलगी आमच्याकडे बी.ए.ला होती आणि थोरलीचा त्या वर्षी पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. शर्टाच्या खिशातून त्यांनी घडी घातलेली पावती काढली, टेबलावर तळहाताने सरळ केली आणि विचारलं, "सर, मुलींना शंभर टक्के फी माफ झाली म्हणतात. मग हे पैसे कसले?"

पावतीवर शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य होतं. त्याखाली विकास शुल्क, जिमखाना, विमा, ओळखपत्र, अनामत अशा ओळी होत्या. वसतिगृहाची पावती वेगळी होती. मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरायचे होते, ते कुठल्याच पावतीवर नव्हते. त्यांनी ऐकलेली बातमी खरी होती आणि हातातली पावतीही खरी होती. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजावण्यात अर्धा तास गेला. मी अर्थशास्त्र शिकवतो, तरी त्या दिवशी मला नीट सांगता आलं असं वाटलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो आहे. कॉलेजचं शिक्षण सगळ्यांना मोफत असावं का, यावर आपण पारावर, चहाच्या टपरीवर तावातावाने भांडतो. पण "मोफत" म्हणजे नेमकं काय मोफत आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून, हे आधी कोणी विचारत नाही.

आधी तो निर्णय काय होता ते पाहू. ८ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी यातली निम्मी रक्कम सरकार द्यायचं. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे लोक ज्याला कॅप राउंड म्हणतात, त्यातून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही, अभिमत विद्यापीठांनाही नाही. निर्णय मोठा आहे. आमच्या भागात "मुलीला कशाला एवढं शिकवायचं" हे वाक्य खर्चाच्या आडून बोललं जातं, आणि ती आड या निर्णयाने बरीचशी काढून टाकली. पण माफी दोनच रकान्यांना आहे, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. बाकीच्या ओळी जिथल्या तिथे राहिल्या.

आता मूळ गोष्ट. फी आणि खर्च या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कॉलेज चालवायला पैसा लागतो. शिक्षकांचे पगार, प्रयोगशाळा, पुस्तकं, इमारत, वीज, शिपाई. हा खर्च कोणी ना कोणी भरतोच. फी म्हणजे त्यातला विद्यार्थ्याच्या घरून येणारा वाटा. तो वाटा शून्य केला तरी खर्च शून्य होत नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर जातो.

आमच्याकडे बी.ए.ला शिकणाऱ्या मुलीची वर्षाची फी तिच्या भावाच्या मोबाइलच्या किमतीपेक्षा कमी आहे. कारण माझा पगार सरकारी तिजोरीतून येतो. यालाच अनुदानित कॉलेज म्हणतात. संस्था खासगी, पण मंजूर पदांचे पगार शासनाचे. म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चं शिक्षण आपल्याकडे फार वर्षांपासून जवळजवळ मोफतच आहे, फक्त तसं कोणी म्हणत नाही. त्यातही १९६० च्या आसपास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ईबीसी सवलत आली. "मी ईबीसीवर शिकलो" असं अभिमानाने सांगणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्राच्या शाळांत, बँकांत, कचेऱ्यांत काम करून निवृत्त झाली. माझे वडील त्यातलेच.

मग गल्लत कुठे झाली? १९८३ मध्ये. तोवर इंजिनिअरिंग आणि मेडिकलची सरकारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्यांना परवडायचं ते मुलांना देणगी भरून कर्नाटकात पाठवायचे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारने ठरवलं की संस्थांनी स्वतःच्या बळावर कॉलेजं काढावीत, सरकार अनुदान देणार नाही. "विनाअनुदानित" हा शब्द तेव्हापासून घराघरांत गेला. त्यातून जागा खूप वाढल्या, शेतकऱ्यांची मुलं इंजिनिअर झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण कॉलेजचा सगळा खर्च विद्यार्थ्याच्या घरावर आला आणि वर देणगीची प्रथा बोकाळली. १९८७ मध्ये महाराष्ट्राने कॅपिटेशन फीवर, म्हणजे या देणगीवर, बंदी घालणारा कायदा केला. पुढे कोर्टाच्या पायऱ्या सुरू झाल्या. १९९३ चा उन्नीकृष्णन खटला, २००२ चा टी.एम.ए. पै खटला, २००५ चा पुण्याचा इनामदार खटला. या सगळ्यांतून साधारण असं ठरलं की खासगी संस्थेला आपली फी ठरवता येईल, पण नफेखोरी आणि देणगी चालणार नाही. त्यावर नजर ठेवायला आपल्याकडे शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ते प्रत्येक कॉलेजचा ताळेबंद पाहून त्याची फी ठरवतं. म्हणून एकाच विषयाची पदवी, पण शेजारशेजारच्या दोन कॉलेजांत फी वेगवेगळी.

उन्नीकृष्णन खटल्यातली एक ओळ मोफत शिक्षणाच्या वादात कायम लक्षात ठेवावी अशी आहे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, त्यापुढचं शिक्षण राज्याच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून. संविधानाच्या कलम ४१ मध्ये "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" हे शब्द आधीपासून आहेतच. पुढे २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, कलम २१क आलं, २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला. पण तो सहा ते चौदा वर्षांसाठी. म्हणजे आज कोणी कोर्टात जाऊन "मला कॉलेज मोफत द्या, तो माझा हक्क आहे" असं म्हणू शकत नाही. दुसऱ्या बाजूला १९७९ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या १३ व्या कलमात उच्च शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत करत जाण्याचं वचन आहे. वचन दिलंय, तारीख दिलेली नाही.

आता पैसे कोणाचे, या प्रश्नाकडे येऊ. तो आपल्या मातीत फार जुना आहे.

१९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यातून हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्यात त्यांनी सरळ हिशोब मांडला. सरकारचं उत्पन्न येतं कष्टकरी रयतेच्या घामातून, शेतसाऱ्यातून. आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. ज्याने सारा भरला त्याच्या पोरासाठी गावात साधी शाळा नाही. म्हणून बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आधी तिथे पैसा घाला, अशी त्यांची मागणी होती.

मोफत कॉलेजला विरोध करणारे आजही हाच मुद्दा मांडतात, फुल्यांचं नाव न घेता. देशात अठरा ते तेवीस वयातल्या शंभरांमागे साधारण अठ्ठावीस जण उच्च शिक्षणात आहेत. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण २८.४ टक्के होतं. म्हणजे सत्तरएक मुलं कॉलेजच्या दारापर्यंत पोचलेलीच नाहीत. कोणी दहावीला थांबलं, कोणी ऊसतोडीला गेलं, कोणाचं लग्न लागलं. मग जे पोचलेत त्यांचं शिक्षण सगळ्यांच्या पैशातून मोफत करणं म्हणजे न पोचलेल्यांच्या खिशातून काढून पोचलेल्यांना देणं नाही का?

इथे मला वर्गात नेहमी एक हात वर झालेला दिसतो. "सर, गरीब लोक कुठे टॅक्स भरतात?" भरतात. प्राप्तिकर प्रत्यक्षात भरणारे देशात दहा टक्क्यांहूनही कमी आहेत हे खरं. पण ऊसतोड मजुराने मोबाइलचा रिचार्ज मारला की त्यावर १८ टक्के जीएसटी जातो. दुचाकीत पेट्रोल टाकलं की उत्पादन शुल्क आणि व्हॅट जातो. वर्गणी सगळ्यांची आहे. उलट कमी कमावणाऱ्याचा जवळजवळ सगळा पैसा खर्च होतो, म्हणून त्याच्या कमाईच्या मानाने हा कर त्याला जास्त जड जातो.

पण फुल्यांचं निवेदन इथे संपत नाही, आणि पुढची ओळ सांगायची लोक विसरतात. उच्च शिक्षणाला झुकतं माप मिळालं ही तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे असं म्हणून ते पुढे लिहितात की, तरीही देशाचं भलं चिंतणारा कोणीही सरकारने आज उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावं असं म्हणणार नाही. त्यांची मागणी उपेक्षित राहिलेल्यांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याची होती. खासगीरीत्या अभ्यास करून मॅट्रिकला बसता येतं तसं पुढच्या परीक्षांनाही बसू द्या, अशीही सूचना त्यांनी केली. म्हणजे कॉलेज बंद करा असं ते म्हणाले नव्हते. दार रुंद करा म्हणाले होते. मला त्यांचा हा दुहेरी आग्रह आजच्या कुठल्याही चर्चेपेक्षा स्पष्ट वाटतो. पैसा रयतेचा असेल तर रयतेचं पोर आत दिसलं पाहिजे. कुठलीही मोफत योजना मी याच कसोटीवर घासून बघतो.

ही कसोटी घेऊन जरा बाहेर डोकावू, कारण "जर्मनीत बघा, सगळं फुकट" हे वाक्य आता आमच्या तालुक्यातही ऐकू येतं.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही हे बहुतांशी खरं आहे. मधल्या काळात तिथे फी आली होती. २००५ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने राज्यांना मुभा दिली, काही राज्यांनी सत्राला ५०० युरोच्या आसपास फी लावली, लोक रस्त्यावर आले आणि २०१४ पर्यंत शेवटच्या राज्यानेही ती मागे घेतली. पण दोन गोष्टी सोबत सांगायला हव्यात. एक, तिथे लहान वयातच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात आणि फार मोठा वर्ग विद्यापीठात न जाता कारखान्यात उमेदवारी करत, पगार घेत व्यवसाय शिकतो. म्हणजे मोफत विद्यापीठाच्या शेजारी दुसरा सन्मानाचा रस्ताही आहे. दुसरं, आपल्या मुलांसाठी ते "फुकट" कसं आहे ते पुणे-नाशिकच्या पालकांना विचारा. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ज्यातून एकदम सगळे काढता येत नाहीत अशा खात्यात, दाखवावे लागतात. रुपयांत ते दहा लाखांच्या पुढे जातात. फी शून्य, आणि तरी शेत गहाण. शिवाय बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली आहे.

इंग्लंडची गोष्ट उलटी. तिथे १९९८ पर्यंत विद्यार्थी स्वतः फी भरत नव्हता. मग वर्षाला १,००० पौंड आले, २००६ मध्ये ३,००० आणि २०१२ मध्ये एकदम ९,००० पर्यंत. गरीब मुलं बाहेर फेकली जातील अशी भीती होती. पण फी आधी भरायची नव्हती. सरकार कर्ज देतं, शिक्षण संपल्यावर पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच त्या वरच्या रकमेच्या ९ टक्के कापले जातात, नोकरी गेली की हप्ता थांबतो. फी वाढूनही विद्यार्थी घटत गेले नाहीत. कारण मोफतच्या जमान्यात सरकार एवढा खर्च पेलू शकत नसल्याने जागांवर मर्यादा होती आणि फी आल्यावर ती मर्यादा २०१५ मध्ये उठवली गेली. हे विसरू नये. मोफत पण मोजक्या जागा असतील, तर त्या मोजक्या जागा कोणाला मिळतात? ज्यांच्या घरी चांगली शाळा, चांगला क्लास परवडतो त्यांना. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांकडे पाहिलं की हे कळतं. फी कमी, पण तिथवर पोचायला लातूर-कोटाच्या क्लासची दोन वर्षं. जी फी सरकारने घेतली नाही ती आधीच क्लासवाल्याने घेतलेली असते.

ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या काळात फी पूर्ण बंद केली. पंधरा वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच देशाने इंग्लंडच्या आधी ही पगारातून कापायची पद्धत सुरू केली, कारण जागा वाढवायला पैसा हवा होता. चिलीत २०११ साली विद्यार्थ्यांनी देश हलवून सोडला, तेव्हा कुठे २०१६ पासून खालच्या निम्म्या कुटुंबांतल्या मुलांना मोफत शिक्षण मिळू लागलं, पुढे ते साठ टक्क्यांपर्यंत नेलं. सगळ्यांना एकदम नाही, खालून वर.

आपल्या बँकेच्या शैक्षणिक कर्जात आणि या परदेशी पद्धतीत फरक आहे, तो पालकांनी ओळखावा. आपल्याकडे शिक्षण संपून वर्ष झालं की हप्ता सुरू, नोकरी लागो न लागो. न भरल्यास नोटीस बापाच्या नावे गावात येते. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण लागत नाही आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती. गोव्यात राज्य सरकारची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, ती मला जास्त माणुसकीची वाटते.

आता त्या पावतीवर जे नव्हतं त्याकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

समजा, अडीच एकर कोरडवाहू असलेल्या घरातली मुलगी पुण्यात शिकते. शिक्षण शुल्क माफ. तरी तिला राहायला कॉट हवी, दोन वेळचं जेवण हवं, बसचा पास हवा, ड्रॉइंगचं सामान, लॅपटॉप हवा. महिन्याला आठ हजार धरा. वर्षाचे शहाण्णव हजार. चार वर्षांचे पावणेचार लाखांच्या वर. यात मूळ फीचा एक रुपयाही नाही. शिवाय एक खर्च असा, जो कोणीच लिहून ठेवत नाही. ती चार वर्षं ती मुलगी किंवा तिचा भाऊ जे कमावू शकले असते ते. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. गरीब घरात हाच खर्च सगळ्यात मोठा असतो. माझ्या वर्गातून दुसऱ्या वर्षाला गळणाऱ्या मुलांपैकी फी परवडत नाही म्हणून गेलेला मुलगा मला क्वचित भेटला. एमआयडीसीत बारा हजारांवर लागला म्हणून, आई आजारी पडली म्हणून, एसटीची फेरी बंद झाली म्हणून गेलेले बरेच.

ही गोष्ट आपल्या जुन्या लोकांना नीट कळली होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य, एकेका समाजासाठी. गावातल्या मुलाला शहरात शिकायचं तर आधी त्याला छप्पर आणि जेवण लागतं, इतकी साधी गोष्ट. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा त्यांचा हुकूम १९१७ चा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करायचा मुष्टिफंड होता. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते "कमवा आणि शिका" या तत्त्वावर. मुलं शेतात राबायची, रस्ते करायची, त्यातून जेवण आणि शिक्षण व्हायचं. तिथे "फी किती" हा प्रश्न दुसरा होता, "जेवणार काय" हा पहिला.

आज या गरजेसाठी सरकारच्या योजना आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळू शकते. योजना चांगल्या आहेत. अडचण अशी की प्रत्येकीला जागांचा कोटा आहे, दाखल्यांचा गठ्ठा आहे, आणि पैसा बऱ्याचदा वर्ष सरताना येतो. मेसवाल्या मावशींचा हिशोब मात्र दर महिन्याच्या पाच तारखेचा.

फी माफीचंही तेच आहे. आपल्याकडे माफी ही प्रतिपूर्ती आहे, म्हणजे सरकार नंतर भरतं. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, आधार जोडलेलं बँक खातं, कॉलेजची मंजुरी, खात्याची मंजुरी. सरकारकडून पैसा उशिरा आला की काही कॉलेजं विद्यार्थ्याकडून "आधी भरा, मग परत देऊ" म्हणून रक्कम घेतात. शासनाने हे करू नका असं बजावलेलं आहे, तरी खिडकीवर उभा असलेला बाप भांडत नाही, तो उसने आणतो. मुलीचा प्रवेश अडेल ही भीती मोठी असते.

आणखी एक गोष्ट मी माझ्या पेशामुळे जवळून बघतो. महाराष्ट्रात अनुदानित कॉलेजांत सहायक प्राध्यापकांच्या हजारो जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, नेट-सेट, पीएच.डी. झालेली माणसं तासाच्या हिशोबाने शिकवतात. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. आमच्या एका विभागात पाच मंजूर पदांवर एकच कायम शिक्षक उरला आहे. कॉलेज मोफत केलं आणि वर्गात शिकवायला माणूसच नसला, तर मुलाला काय मिळालं? आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून! शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. मधल्या चोपन्न वर्षांत आपण तिथवर पोचलो नाही.

"फुकट मिळालं की किंमत राहत नाही" असं म्हणणारे खूप भेटतात, आमच्या स्टाफरूममध्येही. मला हे पटत नाही. ज्या मुलीने पहाटे चारला उठून भाकरी थापून साडेपाचची एसटी पकडली, ती कॉलेजला फुकट येत नाही. तिने किंमत मोजलेली आहे, फक्त ती पावतीवर छापलेली नाही. बेफिकीर मुलं मी फी भरणाऱ्यांतही पाहिली आहेत, माफी घेणाऱ्यांतही.

मग माझं उत्तर काय? सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत पदवीपर्यंत फी सगळ्यांनाच माफ असावी, जात-उत्पन्न न विचारता. तिथे फी मुळातच थोडी आहे, ती गोळा करण्यात आणि कोणाला माफ कोणाला नाही हे तपासण्यात जी माणसं आणि कागद खर्ची पडतात त्यांचा उपयोग दुसरीकडे होईल. श्रीमंताच्या मुलालाही फुकट? हो. त्याच्या बापाकडून कर घ्या, आणि ते पोर उद्या चांगलं कमावू लागलं की त्याच्याकडूनही घ्या. दाखल्याच्या चाळणीत श्रीमंत अडकत नाही, गरीब अडकतो, हे मी प्रवेशाच्या खिडकीमागे बसून इतकी वर्षं पाहिलं आहे.

विनाअनुदानित कॉलेजांची पूर्ण फी सरकारने भरत राहणं मात्र मला काळजीचं वाटतं. पालकाला फी दिसेनाशी झाली की ती वाढली तरी तक्रार करायला कोणी उरत नाही. प्राधिकरण एकटंच. आज जी मुलगी आत गेली तिची माफी काढू नका, पण दरवर्षी त्या रकमेचा काही भाग नवी सरकारी इंजिनिअरिंग, नर्सिंग, कृषी कॉलेजं आणि त्यांना लागून वसतिगृहं बांधायला वळवा. पैसा एकच असेल आणि निवड करायचीच असेल, तर मी श्रीमंतांची फी माफ करण्याआधी गरिबाच्या मुलीची मेस भरीन. फुल्यांच्या हिशोबातही तेच बसतं.

त्या पालकांना मी शेवटी वसतिगृह भत्त्याचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं. अल्पभूधारक असल्याचा दाखला लागणार होता, तो तहसीलमधून आणायचा होता. त्यांनी पावतीची घडी घातली, खिशात ठेवली आणि धाकटीला म्हणाले, उद्या कामावर जात नाही म्हणून मुकादमाला फोन करून सांग.